बकुळीच्या अंगावरची गोचीड

१

दोन वासरं मेली, तिसरं जगलं, आणि जगलं म्हणूनच सगळा घोटाळा झाला. तिन्ही गेली असती तर जोतिराम अण्णांनी नशिबाला एक शिवी हासडली असती, घर चार दिवस मुकं झालं असतं आणि पुन्हा धारा-वैरण सुरू झाली असती. पण मेलेली दोन्ही सासूच्या हातची होती आणि जगलेलं सुनेचं. मग काय, माणसांना आणखी कसला पुरावा लागतो?

सरकारी दवाखान्याची डॉक्टर नीलम अंगणात स्कूटर टाकून गोठ्यात शिरली तेव्हा गौरी नावाची पांढरी कालवड गार पडली होती. दुसरी, तांबी, अजून होती. म्हणजे श्वास होता एवढंच. तोंडातून लाळेची तार लागलेली, अंगभर थरथर, मागं शेणाचं पाणी झालेलं. नीलमनं आधी पापण्या बघितल्या, मग ओठ, मग मानेवरून आणि पोटाखालून हात फिरवला. औषध अंगावर उलटलं की पापण्या सुजतात, ओठ जाड होतात, कातडीवर गांधी उठतात. इथं त्यातलं काहीच नव्हतं. कातडी दमट होती, पण नुकतीच पुसून घेतल्यासारखी साफ. बॅगेत होतं नव्हतं ते तिनं टोचलं, मान वर धरून ठेवली, भोवतीच्या बायकांना बाजूला सारलं. तांबीनं दोन-तीनदा छाती ओढली आणि सोडून दिली.

जोतिरामची बायको सत्यवती तांबीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हंगामात निपाणीच्या तंबाखू वखारीत कामाला जाणारी, हाडानं काटक बाई. ती रडत नव्हती. गोठ्याच्या दाराशी तिची सून राणी उभी होती, आणि सत्यवती एकटक तिच्याकडं बघत होती.

"हिनं पाजलं," सत्यवती म्हणाली. "सकाळी हिनंच पाजलं. आन् हिचं वासरू बगा, उड्या मारतंय."

खरंच, पलीकडच्या खुंट्याला राणीची बकुळी दाव्याला हिसके देत होती.

२

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर ही बया सुनेवर का उलटली ते कळायचं नाही. तिन्ही वासरं महिनाभर हगवणीनं खंगली होती. पोटं सुटलेली, केस उभे राहिलेले. नीलमनंच जंताचं औषध लिहून दिलं होतं, आणि किती पाजायचं ते राणीला दाखवलं होतं, कारण घरात शिकलेली तीच. त्या दिवशी दिवस वर येतायेता राणीनं तिघींना पाजलं, आणि न्याहारीच्या वेळेला गौरी कोसळली.

राणी खानापूरकडच्या गुंजीची. लग्नात तिच्या बापानं, शामूनं, एक गाय दिली होती. बकुळी त्या गाईची. सत्यवतीला ती गाय पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली, आमच्या गोठ्यात काय गाईंचा दुष्काळ होता काय म्हणून. राणीचा नवरा मंथन बेळगावात फौंड्रीत कामाला, आठवड्याला घरी येणारा. कधीतरी राणी त्याच्याजवळ बोलून गेली होती, ही जनावरं नसती तर आपण बेळगावात खोली घेऊन राहिलो असतो. नवरा-बायकोच्या गप्पांतलं हे वाक्य सासूच्या कानावर गेलं होतं, आणि आज ते भर अंगणात येऊन उभं राहिलं.

नीलम एकेकाला विचारत फिरली. औषधाशिवाय काय खाल्लं, काय प्यायलं, कुणी आणखी काही पाजलं का, टोचलं का? जोतिराम अण्णांनी मान हलवली. सत्यवतीनं कानावर हात ठेवले; म्हणाली, पोटात माझ्या हातचं काय बी गेलं न्हाय, आईचं दूध सोडून. राणीही तेच बोलली. सगळी खरं बोलत होती, आणि तरी कुठंतरी पाणी मुरत होतं. लाळ, थरथर, हगवण, मग श्वास बंद. हे औषध जास्त झालं की असंच होतं, हे नीलमला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे हिशेब फिरून राणीच्या हातावरच येत होता.

दुपारच्या आत उसाच्या बांधाला खड्डा काढून दोन्ही वासरं पुरली, वर पाटाचं पाणी सोडलं. त्याआधी नीलम तपासायला नमुना घेते म्हटल्यावर सत्यवती खड्ड्याच्या काठावर आडवी झाली. माझ्या लेकरांस्नी फाडू देणार न्हाय, म्हणाली. नीलमनं फार ताणलं नाही. पुढं तिला त्याचा फार पश्चात्ताप झाला.

ओल्या हातानंच अण्णांनी गुंजीला फोन लावला. "शामूराव, परवा टेम्पो घिऊन या. लेक आन् गाय, दोन्ही न्या."

३

नीलम बेळगावच्या खासबागेतल्या विणकराची मुलगी. घरात जनावर म्हणून एक मांजर होतं, तेही मागाखाली झोपणारं. मागावरची पोर गाईला काय हात लावणार म्हणून ह्या पट्ट्यात सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली होती. तिला राणी आवडायची, कारण ही मुलगी सांगितलेलं नीट ऐकायची. तिच्या हातून चूक झाली असेल तर ते नीलमला आधी कळायला हवं होतं, आणि झाली नसेल तर परवाच्या आत सगळ्यांना कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती संकेश्वरला औषध दुकानदार नागेंद्रकडं गेली. माणूस कानडीत सुरू करायचा, रागावला की मराठीत यायचा, आणि ह्या वेळी लगेच मराठीत आला. माल जुना आहे म्हणून कोण बोंब मारतंय, हे बघा, अशी त्याच खोक्यातली बाटली त्यानं समोर आपटली. तारीख चांगली लांबची होती. नीलमनं बाटली विकत घेऊन बॅगेत टाकली.

तिथून ती जोतिरामच्या शेजारच्या भावकूकडं गेली. जोतिरामशी बांधावरून ह्याचं जुनं वाकडं, त्यामुळं गावानं दबक्या आवाजात त्याचंही नाव घेतलं होतं. भावकू शेणात बसलेल्या म्हशीसारखा निवांत माणूस. त्याच्याकडं अर्धी भरलेली तीच बाटली निघाली. राणीनंच उरलेलं औषध त्याला देऊन टाकलं होतं, कुंपणावरून, सासूच्या नकळत. "त्याच दिवशी पाजलं की," तो म्हणाला. "दोन वासरांस्नी. धाकटं गाईसंगं रानात गेलतं, ते तेवडं ऱ्हायलंय." ती दोन्ही वासरं त्याच्यामागं एकमेकांना ढुशा देत होती. त्यांच्या कानांत गोचिडी दाण्यांसारख्या लटकल्या होत्या, इतका हा आळशी.

म्हणजे बाटलीत विष नव्हतं. मग माप चुकलं? नीलमनं राणीला परसात बोलावलं आणि साधं पाणी देऊन म्हणाली, तांबीला दिलंस तेवढं काढ. राणीनं सुई नसलेली सिरिंज उजेडात धरली, हवेचा बुडबुडा टिचकी मारून घालवला आणि माप काढलं. बरोबर होतं. पुन्हा काढ म्हटलं, पुन्हा बरोबर निघालं.

"मॅडम," राणी सिरिंज परत देत म्हणाली, "तुमाला बी वाटतं का?"

नीलमनं नाही म्हणायला एक श्वास उशीर केला, आणि राणीला तो कळला.

४

औषध चांगलं, माप बरोबर, अंगावर उलटल्याची एक खूण नाही. आणि तरीही दोन मेली, तिसरी जगली. ह्या तिसरीत असं काय होतं? नीलम बकुळीजवळ जाऊन बसली. उगाच, दुसरं काही सुचेना म्हणून तिच्या गळ्याखाली खाजवत राहिली. वासरू मान लांब करून सुखावलं. हात मागं घेतला तेव्हा बोटाला काहीतरी चिकटलं होतं, टम्म फुगलेलं, करडं.

गोचीड.

तिनं ती पायाखाली चिरडली आणि तशीच थांबली. मग घाईघाईनं बकुळीच्या शेपटीखाली बघितलं, कानांत बघितलं, पुढच्या पायांच्या खोबणीत बघितलं. सगळीकडं गोचिडी. भावकूच्या वासरांवरही तशाच होत्या. आणि तांबीवर? त्या सकाळी तिनं स्वतः हात फिरवला होता, मानेपासून पोटापर्यंत. एकही नव्हती. एकाच गोठ्यातली तीन वासरं. दोघींची कातडी साफ, दमट, आणि तिसरीच्या अंगावर जत्रा.

ती उठली आणि परसात धुण्याच्या दगडापाशी गेली. त्या दगडावरून आल्यापासून दहादा येऊन गेली होती. दगडाआड एक काळं मडकं होतं, वर फुटकं कौल झाकण म्हणून ठेवलेलं. कौल बाजूला केलं. आत काढ्यासारखं तांबूस-काळं पाणी, आणि त्यात बुडवलेल्या तंबाखूच्या काड्या अन् चुरा, वखारीतून पदरात बांधून आणलेला. वास नाकात बसला. ह्या अख्ख्या पट्ट्यालाच तो वास आहे. नवखा माणूस ठसकतो, राहून राहून कळेनासा होतो. नीलमलाही तो कधीपासूनच कळेनासा झाला होता.

"राणी, हे कुणाचं?"

"आत्यांचं. वासरांच्या अंगाला लावायला. गोचिडी जात्यात त्यानं."

"त्या दिवशी लावलं होतं?"

"लावलं की. मी औषध पाजून वैरणीला गेलते तवा. गौरीला आन् तांबीला चांगलं चोळून चोळून." राणीनं बकुळीकडं बघितलं. "हिला न्हाय. आत्या हिला शिवत न्हाईत."

नीलम तिथंच दगडावर बसली. सगळं उलगडलं होतं, आणि उलगडलं ते असं, की कुणाला सांगायला तोंड नाही. सासूनं ज्यांना जीव लावला ती तिच्या हातानं मेली. जिला कधी हात लावला नाही ती जगली.

५

शामू टेम्पो घेऊन सकाळीच आला. गुडघ्यावर टोपी ठेवून सोप्यावर बसला, पुढं केलेला चहा त्यानं तसाच ठेवला. मंथनही रजा टाकून आला होता आणि खांबाला टेकून उभा होता. आजूबाजूची माणसं जमली होतीच. असल्या कामाला बोलवावं लागत नाही. नीलमनं सगळ्यांसमोर सांगितलं, विष घालायचं कुणाच्या मनातही नव्हतं. जंताचं औषध जंताच्या नसा आखडून टाकतं. तंबाखूचाही गुण तोच. पहिल्यांदा तंबाखू खाल्लेल्या पोराला लाळ सुटते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, तसंच. वासराला दोन्हींतलं एकेक सोसतं. एकाच सकाळी पोटातून औषध आणि कातडीतून तंबाखू गेली की सोसत नाही, श्वासच थांबतो. मी विचारलं काय खाल्लं, काय प्यायलं. अंगाला काय लावलं हे विचारलं नाही, म्हणून सत्यवती आक्कांनी सांगितलं नाही. त्यांनी लपवलेलं नाही, राणीनं मारलेलं नाही.

सत्यवती उभी राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि क्षणभर नीलमला वाटलं, पटलं बाईला. पण ती परसात गेली आणि मडकं घेऊन आली.

"तीस वरसं लावती मी हे," ती म्हणाली. "कुठलं वासरू मेलं? बगा, सगळी बगा."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं बकुळीच्या अंगावर मडकं निम्मं ओतलं. दोन्ही हातांनी चोळलं, मानेला, पाठीला, पोटाखाली. राणी धावली तर तिला बायकांनी धरलं. पाणी बकुळीच्या पायांवरून निथळत होतं आणि सगळं गाव तिच्या तोंडाकडं डोळे लावून बसलं होतं, आता लाळ गळंल, मग गळंल.

अख्ख्या अंगणात एकट्या नीलमला ठाऊक होतं, की हिला काहीही होणार नाही. परवाचं औषध अंगातून केव्हाच निघून गेलं होतं.

ऊन चढलं. बकुळी शेपटी उडवत वैरण चघळत राहिली. कुणीतरी मागून म्हणालं, तंबाखूच्या पाण्यानं मरतंय व्हय वासरू. नीलम घसा फोडून सांगत होती, दोन्ही एका दिवशी लागतात, दोन्ही एका दिवशी. जोतिराम अण्णा शांतपणे म्हणाले, मग औषध आहे न्हवं तुमच्या बॅगेत, पाजून दावा. हिच्या अंगावर पाणी हायच.

बाटली बॅगेत होती. नीलमचा हात तिच्यावर गेलाही. निम्मंच पाजलं तर? थरथरेल, लाळ गळेल, सगळ्यांना दिसेल. पण मग परत कशी आणणार? तांबीला कुठं आणता आलं होतं? भावकूचं एखादं वासरू मिळेल का म्हणून कुणीतरी मागं वळलं, तर भावकू केव्हाच कुंपणापलीकडं गेला होता.

तेव्हा मंथन पहिल्यांदा बोलला. त्याला बायको हवी होती, खरंच हवी होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "राणी, पाज की गं. एक वासरू गेलं तर गेलं. तू तरी ऱ्हाशील."

राणीनं बायकांचे हात सोडवले. बकुळीच्या ओल्या मानेला मिठी घालून ती उभी राहिली.

"न्हाय," ती म्हणाली. "ते मरंल. मला म्हाईत हाय ते मरंल, आन् मी पाजू?"

"बगितलंसा," सत्यवती लोकांकडं वळून म्हणाली. "भ्याली."

६

गावानं निकाल लावला तो असा. शामूनं टोपी डोक्यावर चढवली आणि टेम्पोची फळी खाली सोडली.

नीलमनं राणीबरोबर बकुळीला नळाखाली धरलं. साबण लावून लावून धुतलं, पाणी पिवळं जायचं थांबेपर्यंत. नंतर राणीनं विचारलं, उरलेल्या जंताचं काय? नीलम म्हणाली, अंगाचा वास पार गेल्याशिवाय काही देऊ नकोस. खानापूरच्या दवाखान्यात दाखव, माझं नाव सांग. राणीनं मान डोलावली. मंथन पलीकडं उभा राहून स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

गाय चढवेपर्यंत नीलम परसात गेली. सत्यवती दगडावर बसून रिकामं मडकं राखेनं घासत होती. आतून, बाहेरून, पुन्हा आतून. नीलमला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्या हातांकडं बघून तो कुठं ठेवावा ते कळेना.

"आक्का, तुम्हाला पटलंय. एक शब्द बोला जाऊन. अजून टेम्पो दारात आहे."

सत्यवतीनं वर बघितलं नाही. "ह्या हातांनी वाढीवली. ह्याच हातांनी मारली म्हणू?"

"मग तिनं मारली म्हणायचं?"

"ती तरणी हाय," सत्यवती म्हणाली. "तिला बापाचं घर हाय. मी ह्या गोठ्यातनं उठून कुठं जाऊ?"

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. नीलम बाहेर आली तोवर तो पांदीला लागला होता. मागच्या फळीवरून बकुळीचं तोंड दिसत होतं, आणि तिच्या गळ्यात राणीचा हात. पुढं वळणावर ऊस भरलेले ट्रॅक्टर आडवे उभे होते. टेम्पो तिथं खोळंबला.

नीलमनं स्कूटरला किल्ली लावली तेवढ्यात कुंपणाजवळून भावकूनं हाक मारली. त्याच्या हातात बादली होती, तांबूस पाण्याची. बकुळीला धुवायच्या गडबडीत परत येऊन मडक्यातलं उरलेलं त्यानं ओतून घेतलं होतं.

"बरं झालं बगा, सगळ्यांम्होरं शिद्ध झालं," तो खुशीत म्हणाला. "आमच्या बी गोचिडी लई झाल्यात. धाकट्यापासनं सुरवात करतो. त्याला आज सकाळीच तुमचं ते औषद पाजलंय, म्हटलं एकाच दिवशी सगळं उरकावं."

नीलमनं वळणाकडं बघितलं. टेम्पो अजून तिथंच होता. हॉर्न वाजत होता. भावकूचं धाकटं वासरू कुंपणाला अंग घासत उभं होतं, आणि त्याच्या अंगावर गोचिडी होत्या. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. स्कूटर सुरू करून दवाखान्यात जायचं होतं, बस. घटकाभरात अख्खं गाव पळत आलं असतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं, आणि मंथन धावत जाऊन राणीला घेऊन आला असता.

वासरानं मान वळवून तिच्याकडं बघितलं, खाजवशील का म्हणून.

तिनं स्कूटर स्टँडला लावली, कुंपण ओलांडलं, भावकूच्या हातातून बादली काढून घेतली आणि मातीत उलटी केली. भावकू आ वासून बघत राहिला. अवो मॅडम, चांगलं पाणी होतं की, असं काहीतरी तो म्हणाला. ती त्याला पहिल्यापासून समजावून सांगायला लागली. वळणावरचे ट्रॅक्टर हलले, आणि टेम्पो हायवेला लागला.